एकशे पाच घोडे आणि गडाची वाट

गेल्या ज्येष्ठात आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. 'एका बिऱ्हाडास वाहनतळाची एकच जागा मिळेल. जादा वाहन दिवाळीपूर्वी हलवावे.' खाली सचिवांची सही आणि सहीखाली दोन रेघा. आमचे सचिव एक रेघ मारतात तेव्हा विनंती असते आणि दोन मारतात तेव्हा हुकूम असतो, हे आता सगळ्या इमारतीला ठाऊक झाले आहे.

ज्याने उमेदीची निम्मी वर्षे पहिली पाळी गाठण्यासाठी सायकल दामटली, त्याच्या दारात दोन मोटारी असाव्यात आणि त्यांतली कोणती काढावी ह्या चिंतेने त्याला झोप लागू नये, ही मोठी मौजच म्हटली पाहिजे. पण झाले होते खरे तसेच. एक गाडी माझी. दुसरी आमच्या चिरंजीवांची, निखिलची. तो पुण्याला नोकरीला. त्याच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचे ठरवले आणि जाण्याआधी तो आपली गाडी आमच्या अंगणात आणून लावून मोकळा झाला.

"बाबा, ही ठेवा आणि तुमची विका," असे तो म्हणाला. मी म्हणालो, "उलट का नाही?" इथूनच आमचे वाजले.

आता ज्या वाचकांना मोटारींचा नाद नाही त्यांच्यासाठी ह्या दोन गाड्यांची वंशावळ सांगितली पाहिजे. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर मागे पडले की चाकण येते. तिथे २००९ साली फोक्सवॅगन ह्या जर्मन कंपनीने कारखाना उघडला आणि पुढच्याच वर्षी तिथली पोलो नावाची लहान, बसकी, पाठीमागे उभे दार असलेली गाडी बाजारात आली. २०१३ साली कंपनीने तिच्या दोन तालेवार आवृत्त्या काढल्या. आधी पेट्रोलवरची जीटी टीएसआय आणि मग काही महिन्यांनी डिझेलवरची जीटी टीडीआय. सांगाडा एकच, दिवे तेच आणि किंमतही दोघींची आठ लाखांच्या आसपास. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर पाठीवरची अक्षरे वाचल्याशिवाय कोणती कोणती ते कळू नये. आमच्याकडे एवढे बरे की माझी डिझेलची पांढरी आणि निखिलची पेट्रोलची तांबडी. माझ्या आईने, म्हणजे निखिलच्या आजीने, त्यांची नावेच 'पांढरी' आणि 'तांबडी' अशी ठेवली. पूर्वी आमच्या गोठ्यातल्या गाईंची नावेही अशीच होती.

गंमत अशी की कागदावर ह्या दोघींची ताकदही सारखीच आहे : एकशे पाच अश्वशक्ती. पण पांढरीचे इंजिन १५९८ घनसेंटिमीटरचे आणि तांबडीचे ११९७. एवढ्या लहान पोटात तेवढेच घोडे बसवायचे म्हणून तांबडीला टर्बो बसवला आहे; म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर एक चक्री फिरते आणि ती इंजिनात जादा हवा कोंबते. टर्बो पांढरीलाही आहे. खरा फरक आहे तो टॉर्कमध्ये, म्हणजे चाकाला पीळ देण्याच्या ताकदीत. पांढरीचा टॉर्क अडीचशे न्यूटन-मीटर, तांबडीचा पावणेदोनशे. एकशे पाच घोडे दोघींपाशी आहेत. पण एकीचे घोडे सावकाश पावले टाकत ओझे ओढणारे आणि दुसरीचे मोकळे रान दिसले की उधळणारे.

पांढरीवर माझा जीव का, हेही सांगून टाकतो. नाहीतर पुढचे माझे मत वाचकांना निःपक्षपाती वाटायचे. ज्या कारखान्याच्या जुन्या नावावरून नाशकात मायको सर्कल ओळखले जाते, त्या कारखान्यात मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला. तिथे डिझेल इंजिनांची नोझल्स आणि इंजेक्टर बनतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. नुसती हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटावे, असा हा प्रकार. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली आउग्सबुर्गला असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. ह्या साऱ्या खेळाचा जीव त्या फवाऱ्यात असतो. नोझलच्या टोकाला असलेली भोके केसाहून थोडीच मोठी, आणि त्यांतून तेल जाते ते हजार बारहून पुष्कळ अधिक दाबाने. मोटारीच्या टायरात हवा असते ती दोन-सव्वादोन बार. ह्यावरून काय ती कल्पना करावी. असली भोके मोजण्यात ज्याचे केस पांढरे झाले, त्याला डिझेलच्या इंजिनाचा आवाज हा घरच्या माणसाच्या खोकल्यासारखा ओळखीचा वाटतो. पांढरीच्या पोटात आमच्या हातचे काही आहे की नाही, हे मी कधी उघडून पाहिले नाही. नसले तर उगाच वाईट वाटायचे!

तर अशी ही भानगड. शेवटी आईनेच तोड काढली. "निखिल परदेशी जाणार, जायच्या आधी गडावर देवीच्या पायांवर डोके ठेवून येऊ," ती म्हणाली. सप्तशृंगगड आमच्यापासून साठेक किलोमीटर. मी मनात म्हटले, सपाट रस्ता आहे, घाट आहे, ओझे आहे. परीक्षेला ह्याहून चांगली जागा कोणती? "दोन्ही गाड्या घेऊन जाऊ," मी जाहीर केले.

"चार माणसांना दोन गाड्या?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. "परीक्षा आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि डब्यात आणखी चार पोळ्या घातल्या. परीक्षा म्हटली की भूक लागते, हा त्यांचा अनुभव.

श्रावणातला एक गुरुवार होता. सकाळी सहाला पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घेतल्या आणि दोन्ही मीटर शून्यावर आणले. निखिलने अट घातली, "वणीपर्यंत तुम्ही माझी चालवायची. न चालवता मत द्यायचे नाही." पांढरीत तो, त्याची आई, आजी, पिशव्या, पाण्याची कळशी आणि नारळ, तांबडीत मी एकटा. अशी आमची वरात पंचवटी ओलांडून दिंडोरी रस्त्याला लागली.

तांबडीत डाव्या पायाला काही कामच नाही. क्लच नाही, गिअरचा दांडा एकदा 'डी' वर ठेवला की संपले. ह्या गिअरपेटीची रचना डोकेबाज आहे. तिच्यात क्लच दोन : एकाकडे एक, तीन, पाच, सात हे गिअर आणि दुसऱ्याकडे दोन, चार, सहा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हाच चौथा पलीकडे तयार होऊन उभा असतो. एकाने हात सोडायचा अवकाश, दुसऱ्याने धरलेच. पंक्तीत एक वाढपी वरण वाढून पुढे सरकतो तोच मागचा भात घेऊन हजर असतो, तसे. मध्ये धक्का नाही की खंड नाही.

म्हसरूळ मागे पडले. चामरलेण्याचा डोंगर ढगात डोके घालून बसला होता. पुढे डाव्या अंगाला रामशेज दिसू लागला. संभाजीमहाराजांच्या काळात ह्या एवढ्याशा गडाने मोगली फौजेला वर्षानुवर्षे दाद दिली नाही. रस्ता मोकळा मिळाला आणि मी उजवा पाय जरा दाबला.

वाचकहो, कबूल केले पाहिजे. पासष्टीला टेकलेल्या गृहस्थाने सांगू नये, पण माझ्या तोंडून 'अरे वा!' असे मोठ्याने निघून गेले. इंजिनाचा आवाज चढत गेला, पण त्यात खडखड नव्हती. रेशमी कापड फाडावे तसा आवाज. दीड हजार फेऱ्यांपासून चार हजारांपर्यंत तिची ओढ कमी म्हणून होत नाही. आणि ती नाकाला हलकी. वळणावर चाक वळवावे आणि तिने आधीच वळलेले असावे. एक टेम्पो, एक ट्रॅक्टर आणि एक ऊसगाडी मी अशी काही मागे टाकली की दिंडोरी कधी आली ते कळले नाही. मग लक्षात आले, की मागची पांढरी आरशात दिसेनाशी झाली आहे आणि तिच्यात माझी शहाऐंशी वर्षांची आई आहे. लाजून वेग कमी केला.

वणीला चहासाठी थांबलो. मागून दहा मिनिटांनी मंडळी आली. आई खाली उतरत म्हणाली, "कुणी मागे लागले होते का रे?" निखिल नुसता हसत होता. "बाबा, कसे काय वाटले?" "ठीक आहे," मी म्हणालो. "सपाटीला काय, कोणीही पळते. आता घाटात बघू."

इथे आम्ही गाड्या बदलल्या. पांढरीची चावी हातात आली आणि मला घरी आल्यासारखे वाटले. क्लच जड, गिअर पाच, सुरू करताच तोच ओळखीचा खडखडाट आणि अंगात उतरणारी बारीक थरथर. नांदुरीपर्यंत दोन्ही बाजूंना टोमॅटोचे मांडव आणि हिरवेगार द्राक्षमळे. श्रावणात वेलींना फक्त पाने. घड धरायचे ते दिवाळीच्या सुमाराला गोडी छाटणी झाल्यावर. नांदुरीला पायथा. नवरात्रात खासगी वाहने इथेच अडवतात आणि पुढे एस.टी.च्या गाड्यांतून माणसे वर नेतात. एरवी आपली गाडी थेट गडावर जाते. दहाएक किलोमीटरांचा घाट, पाऊस, धुके आणि वळणावर वळण.

घाटात पांढरीने माझी लाज राखली. तिचे अडीचशे न्यूटन-मीटर दीड हजार ते अडीच हजार फेऱ्यांतच हाती येतात, आणि घाटातल्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन नेमके तिथेच असते. दीड हजाराच्या खाली गेली तर ती क्षणभर श्वास घेते, हा तिचा दोष. पण एकदा श्वास भरला की मागून कुणी खांदा लावावा तशी वर चढते. माणसे तीन, सामान गच्च, रस्ता ओला. पण एक्सिलरेटरवर पाय असा नुसता टेकवलेला. तांबडी आमच्या पुढे होती आणि एकट्या निखिलला घेऊन ती अर्थातच भरभर चढत होती. पण तिचा चढा आवाज ढगातून आमच्यापर्यंत येई आणि आमची मात्र तालावर दळण दळावे तशी चाल. आई मागे बसून माळ ओढत होती. वर पोचेपर्यंत माळेतला एक मणी चुकला नाही, असे तिने आपण होऊन सांगितले. मी निखिलकडे विजयी मुद्रेने पाहिले.

गडावर पहिल्या पायरीपाशी आलो की पूर्वी आईला डोलीत बसवावे लागे. पायऱ्या पाचशेहून अधिक. २०१८ पासून उतारावरच्या रुळांवरून जाणारी फ्युनिक्युलर ट्रॉली झाली आहे, तिने म्हाताऱ्या माणसांची मोठीच सोय केली. अठरा हातांची ती भव्य मूर्ती, किंचित कललेली मान. समोरचा मार्कंड्या ढगात होता. मार्कंडेय ऋषी तिथे बसून सप्तशती सांगतात आणि देवी मान कलती करून ऐकते, अशी लोकांची श्रद्धा. आईने निखिलसाठी ओटी भरली. आमच्या सौभाग्यवती मात्र ट्रॉलीतून उतरून ज्या मोजक्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्या एकेक करून, कठडा धरून चढत होत्या. डावा गुडघा.

खाली येऊन डबे उघडले. निखिल म्हणाला, "घाटात तुमची जिंकली, मान्य. पण बाबा, धुराचे काय?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जगापुढे मांडले की ह्याच कंपनीच्या डिझेल गाड्यांत अशी व्यवस्था होती, की तपासणी चालू असताना विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी निघावेत आणि रस्त्यावर मात्र ते जास्त निघावेत. डिसेंबरात भारतातल्याही ३,२३,७०० डिझेल गाड्या परत बोलावल्याचे कंपनीने जाहीर केले. ती बातमी वाचली त्या दिवशी मी पाळीवरून घरी येऊन कुणाशी बोललो नाही. आमची चूक नव्हती. आम्ही भोके मोजत होतो आणि ती बरोबर मोजत होतो. पण ज्या विद्येवर आपण पोट भरले, ती दुसऱ्या कुणी लबाडीला वापरली की बारीकशी लाज आपल्यालाही वाटतेच. पुढे १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहा हे कडक नियम आले. लहान डिझेल इंजिन स्वच्छ करायचे तर त्याला धुराची गाळणी हवी, आणखी उपचार हवेत, आणि ते सारे लहान गाडीच्या किमतीत बसेना. एकेका कंपनीने लहान डिझेल गाड्या बंद केल्या. पोलोचे डिझेलही गेले. २०२२ साली तर चाकणला पोलोच बंद झाली. म्हणजे आमच्या दारात उभ्या असलेल्या दोघीही आता वंशातल्या शेवटच्यांपैकी.

"तुझीही काही धुतल्या तांदळाची नाही," मी म्हणालो. "आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते, तुझी गाडी त्या आधीची. आणि ती दोन क्लचची पेटी गर्दीत मुंगीच्या पावलांनी चालवली की तापते. बिघडली तर मेकॅनिक जो आकडा सांगतात तो ऐकून माणूस तापतो."

"अहो, दोघेही बरोबर आहात," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "पण निघायचे केव्हा?"

घाट उतरून नांदुरीला आलो. भाजलेली कणसे घेतली. तेव्हा निखिल अचानक तांबडीची चावी पुढे धरून म्हणाला, "आई, इथून तू चालव."

इथे थोडे मागे गेले पाहिजे. आमच्या सौभाग्यवती उत्तम गाडी चालवीत. दर शनिवारी दुपारी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन पुस्तके बदलून आणणे हा त्यांचा नेम. १८४० सालचे हे वाचनालय, आणि आमचे लग्न झाल्यापासूनचे त्यांचे सभासदत्व. आठ वर्षांपूर्वी डावा गुडघा धरला. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबणे बंद करा. त्यांनी बंद केले. त्या दिवसापासून त्या रिक्षाने जात, किंवा मला वेळ असला तर मी सोडीत असे. 'मला वेळ असला तर' हे शब्द मी आज लिहितो आहे. त्या वेळी ते कधी मनातही आले नव्हते. गुडघा ही एक गोष्ट होती आणि गाडी ही दुसरी. निखिलची तांबडी सुट्टीत घरी येई तेव्हा मी तिला पोराचे खेळणे म्हणत असे. तिला डाव्या पायाचे काम नाही, ह्याचा अर्थ आपल्या घरात काय होतो, हे इतकी वर्षे इंजिने कोळून प्यायलेल्या माझ्या डोक्यात शिरले नव्हते.

"नको रे बाई," त्या म्हणाल्या. "आठ वर्षे हात नाही लावला." पण कणीस त्यांनी कागदात गुंडाळून ठेवले, हे मी पाहिले. त्या बसल्या. आसन पुढे घेतले. आरसा खाली केला. डावा पाय कुठे ठेवू, असे त्यांनी विचारले, आणि निखिल म्हणाला, "कुठेही ठेव, त्याला आज सुट्टी."

तांबडी निघाली. मागे पांढरीत मी आणि आई. पहिले दोन किलोमीटर तांबडी इतक्या हळू चालली की मागून एक सायकलवाला घंटी वाजवीत पुढे गेला. मग ती तीसवर आली, मग चाळीस-पन्नासवर. वणीच्या पुढे रस्ता सरळ झाला. समोर एस.टी. होती. तांबडीचा उजवा दिवा लुकलुकला. मी मनात म्हटले, आता नको, समोरून ट्रक येतो आहे. ट्रक गेला. दिवा पुन्हा लुकलुकला, तांबडी किंचित उजवीकडे सरकली आणि एका दमात एस.टी.च्या पुढे निघून डावीकडे आपल्या जागी आली. घाई नाही, धांदल नाही. पदर सारखा करावा तसे.

मीही मागोमाग जायला गेलो. पांढरी चौथ्यात होती, तिसरा हवा होता. क्लच, गिअर, श्वास, मग ओढ. तेवढ्यात समोरून दुसरे वाहन आले आणि मी एस.टी.च्या मागेच राहिलो. "गेली की रे सूनबाई!" आई पुढे वाकून म्हणाली. एवढा आनंद तिच्या आवाजात मी गडावरही ऐकला नव्हता.

दिंडोरीच्या अलीकडे त्या थांबल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा गाडीला टेकून उभ्या राहून उरलेले कणीस खात होत्या. "अहो, केवढा उशीर!" एवढेच म्हणाल्या.

नाशकात शिरल्यावर त्याच पंपावर पुन्हा टाक्या भरल्या. सव्वाशे किलोमीटरांना पांढरीने साडेसहा लिटर डिझेल घेतले होते आणि तांबडीने नऊ लिटर पेट्रोल. म्हणजे पांढरी लिटरला एकोणीस, तांबडी चौदा. रात्री मी वही घेऊन बसलो. पूर्वी डिझेलचा हिशेब सोपा होता. २०१२ साली काही काळ दोन्ही तेलांच्या दरात लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक अंतर होते, म्हणून तर मध्यमवर्गाने डिझेल गाड्या जवळ केल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचा हात काढला आणि अंतर कमी झाले. आता डिझेल नव्वदीच्या घरात आणि पेट्रोल शंभरी ओलांडलेले. आमचे गावातले जाणे-येणे महिन्याला तीनशे किलोमीटर. गावात पांढरी लिटरला सोळा देते, तांबडी अकराच्या वर जात नाही. महिन्याकाठी तांबडी अकराशे रुपयांनी महाग.

"अकराशे," मी म्हणालो. हा आकडा त्या खोलीत माझा शेवटचा वकील होता.

सौभाग्यवतींनी काही न बोलता आपली जमाखर्चाची वही माझ्यापुढे सरकवली. आषाढाचे पान होते. दूध, वाणी, औषधे, वर्तमानपत्र आणि एका ओळीत 'रिक्षा – १,४५०'. मी मागची पाने उलटली. प्रत्येक महिन्यात ती ओळ होती. काही महिन्यांत शनिवारच्या रकान्यात छोटीशी फुली होती. "ह्या फुल्या कसल्या?" मी विचारले.

"ज्या शनिवारी गेले नाही त्या," त्या म्हणाल्या. "पाऊस असला, रिक्षा मिळाली नाही, की."

फुल्या पुष्कळ होत्या. मी त्या मोजल्या नाहीत. आयुष्यभर मोजण्याचेच काम केले, पण त्या मोजवल्या नाहीत.

दोन गाड्यांची तुलना करताना माणसे अश्वशक्ती विचारतात, लिटरला किती देते विचारतात, शून्यापासून शंभराला किती सेकंद लागतात ते विचारतात. मीही तेच विचारले. ज्याला रोज लांब जायचे आहे, ओझे न्यायचे आहे, घाट चढायचे आहेत त्याने अजूनही डिझेलच घ्यावे, असे मी छातीवर हात ठेवून सांगेन. उलट डिझेल गाडी घेऊन रोज कोपऱ्यावर भाजीला जाणे म्हणजे इंजिन धड तापू न देता काजळी धरायला लावणे आहे, आणि निवृत्त झाल्यापासून मी पांढरीचे तेच करीत होतो. ती चांगली आहे हे खरेच. पण आता ती आमच्या घराच्या कामाची राहिली नव्हती.

पांढरी मी माझ्या मावसभावाच्या मुलाला दिली. वणीजवळ त्याचा द्राक्षमळा आहे. पिंपळगावची बाजारपेठ, नाशिक, कधी औषधांच्या गोण्या, कधी मजुरांचे जेवण; दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज होतात. पंधरा वर्षे भरली की पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे त्याला समजावून सांगितले. धूर तपासून घेत जा, हेही सांगितले. न्यायला आला त्या दिवशी त्याने गाडी सुरू केली आणि मी खिडकीत उभा राहून ऐकत होतो. खडखडाट रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. आवाज निरोगी होता.

सचिवांनी दोन रेघांच्या सहीने आभाराचे पत्र पाठवले. निखिल भाद्रपदात गेला.

आणि शनिवारी दुपारी, गर्दी कमी असते त्या वेळी, तांबडी टिळक पथाकडे निघते. परवा मलाही चष्म्याच्या दुकानात जायचे होते, म्हणून मी डावीकडच्या आसनावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो. सिग्नलपाशी समोरची रिक्षा एकदम थांबली. मी उजवा पाय जोरात खाली दाबला.

"पाय वर घ्या," आमच्या सौभाग्यवती समोर पाहतच म्हणाल्या. "तिथे ब्रेक नाही."

गाडी मात्र कधीच थांबली होती.